दोन फ्री थ्रो

नऊ सेकंद उरले होते, एक गुण कमी पडत होता आणि चेंडू समोरच्या कॉलेजकडे होता. टाइमआउटमध्ये सरांनी कॅप्टनला खांद्याला धरून जवळ ओढलं.

"त्या लंबूला गाठ आणि फाऊल कर. तिला फ्री थ्रो जमत नाहीत. आज पाचातला एकही गेलेला नाही. चुकली की चेंडू आपला."

"आणि गेले तर?"

"नाही जायचे. पण हलक्या हाताने नको. रेफरीला दिसायला हवं."

तीन वर्षांत कॅप्टनने सरांचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

खेळ सुरू झाला. लंबू सगळ्यांना चुकवून बास्केटखाली पोचली, उडाली. कॅप्टनने मागून झेप घेतली. हात चेंडूकडेच होता, पण सापडलं लंबूचं मनगट, आणि कॅप्टनने सगळा भार त्यावर टाकला. शिट्टी वाजली. लंबू मानेवर पडली होती.

रेफरीने साधा फाऊल दिला, दोन फ्री थ्रो. पण लंबू उठेना. तिला फळीवर बांधून कडेला नेलं. जिच्यावर फाऊल झाला तिला उभं राहता येत नसेल, तर तिच्या जागी येणारीने फेकायचं, असा नियम. आलेली पोरगी हुंदके देत होती. पहिला चेंडू कड्यालाही लागला नाही. दुसरा कड्यावरून उडाला, तो थेट कॅप्टनच्या हातात. पुढचं तिच्या पायांनीच केलं. ती धावली, तिने फेकलं, चेंडू जाळीतून पडला, भोंगा वाजला.

"शाब्बास, वाघीण माझी!" सर ओरडले. पोरींनी तिला उचलून घेतलं.

खाली उतरवलं तेव्हा समोर एक माणूस उभा होता. कामावरचाच शर्ट, हातात लंबूची बॅग.

"बाळ, मला यातलं काही कळत नाही. फाऊल म्हणतात तो कुणाचा होता गं?"

सरांनी डोळ्यांनी 'गप्प' म्हटलं.

"माझा, काका."

तो तिच्याकडे बघत राहिला. आता तो मारेल, याची ती वाट बघत होती. त्याने बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"मग तूच चल. अँब्युलन्स आलीय. डॉक्टर म्हणतात, तिला झोपू द्यायचं नाही, बोलत राहा. मी काय बोलू? मला तर आज कोण जिंकलं तेही समजलं नाही."

गाडीत कॅप्टन लंबूच्या उशाशी बसली. बाप दाराशी. नर्स पायांकडे वाकून काहीतरी करत होती.

"माझ्या जागी कुणी फेकले?" लंबूने छताकडे बघत विचारलं.

"तुमच्या त्या बुटकीने."

"गेले?"

"गेले. दोन्ही गेले."

लंबू हसली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. नर्सने टाचणी तिच्या तळपायाला टोचली आणि तशीच धरून ठेवली.

"इथे दुखतंय का गं?"

"कुठे?" लंबूने विचारलं. चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं.