जागी होताना

आम्ही नवराबायको एकाच कंपनीत. तो इलेक्ट्रॉनिक कुलपांच्या चिप बनवतो, मी त्यांना फसवून बघते. त्याचं नवं डिझाईन आज कारखान्यात जाणार, म्हणून तो माझ्या पाठीमागे येरझारा घालत होता. वीज क्षणभर तोडली की कच्ची चिप गोंधळून कुलूप उघडते. त्याची ही चिप मात्र सकाळपासून दाद देत नव्हती. “सोड की आता,” तो म्हणाला. मलाही सोडायचं होतं, पण डोक्यातला किडा वळवळत होता. घरी बेल वाजली की हा झोपेतून उठून आधी दार उघडतो, मग विचारतो, “कोण?” कितीदा कानीकपाळी ओरडलेय. चिपही बॅटरी वाचवायला झोपते. ती जागी होते नेमक्या त्या क्षणी वीज तोडली. कुलूप खटकन उघडलं. पाठीमागच्या येरझारा थांबल्या. संध्याकाळी घरची बेल दाबली. पावलं दाराशी येऊन थांबली. दार न उघडता त्याने विचारलं, “कोण?”