म्हाताऱ्याची कवळी

डोळे मिटा पाहू. आता समोर किल्ल्याची एक भिंत आणा, उन्हापावसानं काळवंडलेली. तिचा ढासळलेला कोपरा नुकताच पुन्हा बांधलाय. शेजारी नवं वाचनालय उभं राहतंय. दगड किल्ल्याच्याच खाणीतला, खिडक्या मात्र मोठाल्या काचांच्या. उंचीनं बुटकं, आजोबांजवळ नात बसावी तसं. दिसलं? मग भिंतीसमोर शाळेच्या मुलांची एक रांग उभी करा. त्या रांगेत मान खाली घातलेली एक मुलगी आहे. तिच्याकडे बघा.

कोपरा बांधणारी पाथरवट तिची आई.

"नवा दगड नवाच दिसला पाहिजे, हा इथला पहिला नियम," कामाची पाहणी करायला आलेल्या निरीक्षकबाई सगळ्यांसमोर आईला म्हणाल्या. "जुन्याला शोभेल असा, पण ओळखू येणारा. आणि तुम्ही त्याला काजळी फासलीत? जुना म्हणून खपवायला?"

आईनं दगडावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. शनिवारी काम थांबवलं तेव्हा दगड स्वच्छ होते.

"हे कसं झालं मला ठाऊक नाही, बाई. पण कोपरा मी बांधलाय. जबाबदारी माझी."

"मग वाचनालयाचं काम तुमच्या भरवशावर कसं सोडू? उद्यापासून येऊ नका."



गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मुलीच्या वर्गातला बडबड्या ओरडला होता, "अरे, हिच्या आईनं म्हाताऱ्याला कवळी बसवली! काळ्या तोंडात पांढरे दात!" सगळे हसले. सगळ्यांबरोबर तीही हसली. आणि काल, काम बंद असताना, चहाच्या पाण्यात काजळी कालवून तिनं नव्या दगडांचे ते दात एकेक करून काळे केले होते.

आता मागून बडबड्या कुजबुजला, "पडली रे पडली, कवळी पडली!" रांगेत खसखस पिकली. आईनं ते ऐकलं. तिनं काळं बोट पदराला पुसलं आणि हत्यारांची पिशवी उचलली.

मुलगी रांगेतून बाहेर आली.

"अगं, कुठे निघालीस? रांग मोडू नकोस," सर म्हणाले.

ती थांबली नाही. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आईकडे बघायचं धाडस काही होईना.

"काजळी मी फासली," ती निरीक्षकबाईंना म्हणाली. "आईला माहीतसुद्धा नाही. मुलं हसायची. मला आईच्या कामाची लाज वाटली."

आईच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

मग मुलीनं वर्गाकडे तोंड केलं. भिंतीवर हात टेकून ती बडबड्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली, "हा दगड माझ्या आईनं बसवलाय. हासुद्धा. आणि तो वरचा, मोठा, तोसुद्धा."