समाजसेविकेविरुद्ध तक्रार

"लिहा," खैरमोडे काकांनी वही माझ्या टेबलावर आपटली. "या वृद्धाश्रमातली समाजसेविका खोटारडी आहे."

त्यांचे हात थरथरतात. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांची तक्रार समाजसेविकेनेच लिहून घ्यायची, असा आमचा नियम. माझ्याविरुद्धची असली तरी. मी अर्ज लिहायला घेतला.

वही नातेवाइकांना केलेल्या फोनची होती. काकांच्या मुलाच्या नावापुढे गेले चार रविवार मी ‘फोन लागला नाही’ असं लिहिलं होतं. काका एसटीत तिकीट तपासनीस होते. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"चारही नोंदी एका बैठकीत केल्यात. असले कंडक्टर मी तीस वर्षं पकडलेत. तुम्ही फोन करतच नाही, म्हणून उदय येत नाही."

मी महिनाभर हेच ऐकत होते, जेवणाच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोरसुद्धा. आज माझंही डोकं फिरलं. मी उदयला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मॅडम, किती वेळा सांगायचं? मला फोन करू नका. ते गेले की मगच कळवा."

फोन बंद झाला. काका वहीकडे बघत राहिले. मला माझीच लाज वाटली. मी अर्ज फाडायला घेतला, तसा त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि खाली वेडीवाकडी सही केली.

"फाडायचा नाही," ते म्हणाले. "तुम्ही फोन केलाच नाही. असंच राहू द्या."