अंगणातून दिसणारी विमानं

सांबऱ्याला विमानांच्या कसरती बघायला आप्पा पहिल्यांदाच निघाले होते, तेही मंगलमावशीला घेऊन. आई गेल्यावर त्यांनी मावशीशी लग्न केलं, ते माधवीनं कसंबसं गिळलं होतं. पण मावशीसाठी खडेबाजारातून आणलेला गॉगल काही तिच्या घशाखाली उतरेना.

आई जन्मभर म्हणत राहिली, "अवो, एकदा तरी विमानं जवळनं दाखवा की." आणि आप्पा म्हणायचे, "अंगणातनं बी दिसत्यात की गं!"

कानात घालायला कापसाचे बोळे करून देता देता माधवी बोललीच, "आईला अंगणातनं दिसायची. मावशीला लांबचं दिसत न्हाई वाटतं?"

आप्पा उगाच चपला शोधू लागले. पहिल्या बायकोच्या नावानं दुसरीनं गळ्यात घालायचा चांदीचा टाक मावशीनं पोलक्यातून बाहेर काढला, पदरानं पुसला आणि मंगळसूत्राच्याही वर उघडा ठेवला.

 

"चला आक्का," टाकाकडे बघत ती म्हणाली, "हट्ट तुमचा हुता, आधी तुमीच बघा."