क्रोशाचं कव्हर

दर तासाला बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं कव्हर दुरुस्तीला आलेल्या केदारने उचललं आणि दुखणं लगेच त्याच्या लक्षात आलं. "काका, पंख्याची हवाच कोंडतेय. हे काढून ठेवा." "हळू बोला!" यज्ञेश्वररावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "ते मलाही कळतं. डोळे जायच्या आधी हिने विणलेलं हे शेवटचं. रोज संध्याकाळी त्यावरून हात फिरवते. कव्हर न काढता इलाज असेल तर सांगा, नाहीतर चहा घेऊन निघा." दुसऱ्या दिवशी केदारने कर्वेनगरच्या दुकानातून सीपीयूचा रिकामा डबा आणला, कव्हर चढवून टेबलावर ठेवला आणि खरा कॉम्प्युटर उघडाच टेबलाखाली सरकवला. संध्याकाळी काकूंनी हात फिरवला आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, गार झाला! एवढा तापायचा, रोज वाटायचं, ते कव्हर काढून टाका म्हणावं. पण म्हटलं, तुम्हाला केवढं आवडतं ते!"