तेराचा पाढा

वस्तीतल्या शाळेत तपासणीला साहेब आले होते. मुलांची प्रगती दिसली नाही, तर शाळेला टाळं लागणार होतं. बाईंनी महिनाभर मुलांकडून तेराचा पाढा घोकून घेतला होता, तोही घसा ताणून, कारण खिडकीबाहेरच्या नळावर पाण्याला आलेल्या बायकांचा रोजचा कालवा.

साहेबांनी विचारलं, "तेरा सत्ते?"

अख्खा वर्ग चिडीचूप.

"एक्क्याण्णव!" खिडकीबाहेरून, नळावरच्या रांगेतून एका सुरात उत्तर आलं.

साहेब चमकून वळले. तेवढ्यात एका पोराच्या आईने हंडा खाली टेकवला आणि ती खिडकीशी आली.

"बाई, आता चौदाचा घ्या की! या पोरांपायी आम्ही किती दिवस तेरावरच अडकून राहायचं?"