दोन फळ्या

शाळेच्या जुन्या खिडक्यांतून काढून आणलेल्या अकरा काचा. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत रुजवलेली टोमॅटोची रोपं. वरच्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज. वाळत चाललेली पुट्टी. चार पट्ट्या आणि चार स्क्रू. सासऱ्यांचा डावा खांदा. सव्वादहाची टॅक्सी.

बागेतली शेड कलेपर्यंत यातल्या कशाचा कशाशी काही संबंध नव्हता.

आवाजही फारसा झाला नाही. म्हातारं माणूस खुर्चीतून उठताना कण्हतं, तेवढाच. मास्तर बाहेरून शेवटच्या काचेला पुट्टी भरत होता. त्याने सुरी टाकली आणि जवळच्या खांबाला दोन्ही तळवे लावले. त्याचे सासरे, अण्णा, आत फळीवर रोपं मांडत होते. त्यांनी पलीकडच्या खांबाला आतून खांदा दिला. शेड थांबली. अण्णांच्या डोक्यावर छपराच्या अकरा काचा होत्या आणि त्यांतून ऊन छान आत येत होतं.

"जावईबापू, शिवण उसवली," अण्णा म्हणाले. जन्मभर त्यांनी शिंपीकाम केलं होतं.

"हलू नका."

"मी कुठे हलतोय? तुमची इमारत हलतेय."

मास्तर शाळेत भूमिती शिकवायचा. दरवर्षी आठवीच्या वर्गात चार पट्ट्या चार स्क्रूंनी जोडून तो चौकोन करायचा आणि एका बोटाने ढकलून दाखवायचा: बघा, कलला. मग एक पट्टी तिरपी बसवायचा: आता ढकला. पोरांना ढकलून ढकलून घाम फुटायचा.

शेडला तिरपी पट्टी कधी नव्हतीच. तिला इतकी वर्षं भिंतींच्या काळ्या, वेड्यावाकड्या फळ्यांनी धरून ठेवलं होतं. शेडचं काचघर करायला त्याच त्याने गेल्या चार दिवसांत एकेक करून उपटल्या होत्या. शेवटची आज सकाळी. घाई होती. सव्वादहाला बायको निघणार होती, ती परत यायचं नाही असं ठरवून. आणि त्याला वाटलं होतं, निघण्याआधी तिने एकदा काचघर बघितलं तर.

तर काय, तिथवर तो गेला नव्हता.

"लेक निघाली म्हणून निरोप द्यायला आलो," अण्णा म्हणाले, "तर तुम्ही माझा खांब केलात."

"अण्णा, तुम्ही हळूच बाहेर या. मी धरतो."

"आणि मी सोडलं की?"

मास्तरने मनातल्या मनात भाराचा हिशेब केला.

"नका येऊ," तो म्हणाला.

मागचं दार उघडलं. ती पायरीवर येऊन उभी राहिली. पायात बूट, हातात घराची किल्ली. तिथून तिला काय दिसलं असेल? उन्हात चमकणारं काचघर आणि त्याला हात लावून उभे असलेले दोन पुरुष; नवी गाडी घेतल्यावर लोक उभे राहतात तसे.

"झालं वाटतं," ती म्हणाली.

"होत आलंय."

"छान दिसतंय." ती तिथेच घुटमळली. मग म्हणाली, "बॅग जड झालीय रे. जिन्यावरून उतरवून देतोस?"

सात वर्षांत तिने स्वतःची बॅग उचलायला कधी कुणाला बोलावलं नव्हतं. हे बोलावणं बॅगेसाठी नव्हतं, हे मास्तरला कळलं. तळव्यांखाली खांब बारीक थरथरत होता. शेड पडतेय, एवढं म्हटलं असतं तर ती धावत आली असती. आणि आधी कुठे, तर आत, बापापाशी, त्या अकरा काचांखाली. आत अण्णांनी पाठमोऱ्यानेच मान हलवली. नका सांगू.

"आत्ता नाही जमणार," तो म्हणाला. "हात गुंतलेत."

ती हसली. पाठ असलेलं उत्तर वर्गात पुन्हा एकदा ऐकावं, तशी.

"हो," ती म्हणाली. "माहीत आहे मला. अण्णा, निघते."

"ये बाळ," अण्णा आतून म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "पोचलीस की फोन कर."

"गाडीपर्यंत नाही येत?"

"अगं, यांनी मला कामाला जुंपलंय ना."

दार लागलं. आत बॅग जिन्यावरून आपटत उतरली. मास्तरने पायऱ्या मोजल्या. चौदा. मग फाटक. मग डिकी. मग टॅक्सीचं दार. ते नीट लागलं नाही म्हणून पुन्हा एकदा.

"गेली," अण्णा म्हणाले. त्यांचा खांदा आता उघड थरथरत होता. "मारा आता हाक शेजाऱ्याला."

मास्तरने हाक मारली. पलीकडे शेजाऱ्याने नेमकं गवत कापायचं यंत्र सुरू केलं.

त्याने पुन्हा हाक मारली. वरच्या कडेची काच ओल्या पुट्टीतून बोटभर खाली सरकली आणि थांबली. अण्णांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"ऊन मात्र झकास येतंय हो," ते म्हणाले.

सात वर्षांपूर्वी, या घरात राहायला आल्यावर, तिने शेडला एक खिडकी करून मागितली होती. त्यासाठी दोन फळ्या काढाव्या लागल्या असत्या.